जाण्याचं क्रियापद

देऊळगाव राजातल्या त्या गल्लीत सकाळी कुणाच्या घरी भक्तिगीतं लागतात, कुणाच्या घरी बातम्या. धम्मशीलाच्या घरी मात्र इटालियन क्रियापदं लागायची. तव्यावर भाकरी टाकता टाकता ती म्हणायची, “वादो.” मागे भाजी निवडत बसलेल्या तिच्या सासूबाई, जनकाबाई, म्हणायच्या, “वादो.” ती म्हणायची, “वाय.” त्या म्हणायच्या, “वाय.” असं करत ‘मी जातो’पासून ‘ते जातात’पर्यंत सगळी रूपं झाली की पुढचा काळ सुरू. शेजारच्या चांगुणाबाईंनी पहिले काही दिवस भिंतीला कान लावून ऐकलं आणि गल्लीत खुशाल सांगून टाकलं, की या घरात कोणाला तरी झपाटलंय. ते अगदीच खोटं नव्हतं.

धम्मशीला मूळची रोहिणखेडची. वडील भाऊराव गवंडी. दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि पोरीने शिकावं या एका गोष्टीसाठी ते जितके हट्टी होते तितके दुसऱ्या कशासाठीच नव्हते. बुलढाण्याला नर्सिंगचा कोर्स करून ती सिस्टर झाली, लग्न होऊन बीबी गावातल्या घरात आली, आणि नवऱ्याला, प्रसेनजितला, जालन्याच्या एका कारखान्यात काम लागल्यावर सगळे देऊळगाव राजाला राहायला आले. तो आठवडाभर जालन्याला, रविवारी घरी. घरात जनकाबाई आणि पहिलीतली सांची. धम्मशीला गावातल्या एका खासगी दवाखान्यात.

दवाखान्यात तिच्या हाताचं नाव होतं. ज्या म्हाताऱ्याची शीर कुणाला सापडत नसे, त्याची शीर ती बोटाने चाचपून काढायची आणि म्हाताऱ्याला कळायच्या आत सलाइन सुरू झालेलं असायचं. पण इतकी वर्षं काढूनही ती ‘ए सिस्टर’च राहिली. एकदा पेशंटच्या एका नातेवाइकाने तिच्यावर हात उगारला, तर मालकांनी माफी मागितली ती त्या नातेवाइकाची. धम्मशीलाला कुणी बस म्हणालं नाही, पाणी घे म्हणालं नाही. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. त्याच आठवड्यात तिच्याबरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला, की इटलीतल्या एका हॉस्पिटलला नर्स हव्यात. भाषा शिका, तोंडी परीक्षा पास व्हा आणि या. पहिलं वर्ष एकटीने काढायचं, मग नवऱ्याला आणि मुलीला बोलावून घेता येतं.

सासूला बोलावून घेता येतं असं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

धम्मशीलाने हे सगळं जनकाबाईंना सांगितलं तेव्हा त्या गहू पाखडत होत्या. पाखडणं न थांबवता त्या एवढंच म्हणाल्या, “पाह्य बाप्पा.” यातून काय समजायचं? हो म्हणायचं की नाही म्हणायचं? प्रसेनजितला विचारलं तर तो म्हणाला, “माय तशीच हाय. तिच्या पोटातलं तिच्या पोटात राह्यते.” आईच्या पोटात शिरून पाहायची या माणसाला कधी गरजच पडली नव्हती, म्हणून तो असं निवांत बोलू शकत होता. गरज धम्मशीलाला होती, कारण लेकरू मागे ठेवून जायचं होतं ते याच बाईच्या भरवशावर.

आणि मग हे मागून म्हणणं सुरू झालं. जनकाबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण बीबीच्या विहारात वंदना त्याच घ्यायच्या. पालीतल्या सगळ्या गाथा तोंडपाठ. विहारातली रीत अशी, की पुढच्याने म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पुढचा अडखळला, तर मागच्याने ओळ खाली पडू द्यायची नाही, आपण उचलून पुढे न्यायची. साऱ्या आयुष्याचं वळण ते. सून काहीतरी ओळीने म्हणतेय म्हटल्यावर त्यांचं तोंड आपोआप सुरू झालं. धम्मशीलालाही ते बरं वाटलं, कारण एकेक रूप दोनदा कानावर पडायचं. पण ते काय आहे, कशाचं आहे, हे जनकाबाईंनी एकदाही विचारलं नाही, आणि हे न विचारणंच धम्मशीलाला आत कुठेतरी टोचत राहिलं.

शिकवायला पुण्याच्या मंजुश्री मॅडम होत्या, मोबाइलवर. बाई चांगल्या, पण धम्मशीलाने चुकून “मले समजलं” म्हटलं की त्यांना हसू यायचं आणि ते त्या लपवायच्याही नाहीत. इटालियनमध्ये मात्र मॅडमच्या पुण्याला काही जास्तीचे मार्क नव्हते. तिथे दोघीही परक्याच. मॅडमनी समजावलं, की यांच्या क्रियापदाला नुसते काळ नसतात, वर अर्थही असतात. जे घडतं ते एका रूपात सांगायचं. असं असतं तर तसं झालं असतं, याला दुसरं रूप. आणि जे व्हावं असं वाटतं, किंवा होईल अशी भीती वाटते, त्याला तिसरंच. शाळेत आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ पाठ करून परीक्षेनंतर सगळ्यांनी टाकून दिले, तशीच ही मंडळी परत दारात येऊन उभी राहिली होती. भीतीला आणि इच्छेला एकच रूप पुरतं, याचं धम्मशीलाला नवल वाटलं. मग स्वतःचाच विचार करून पाहिला, तर नवल राहिलं नाही.

पाठांतरात ती पक्की होती. घोडं पेंड खायचं ते बोलताना. पहिल्या परीक्षेत समोरच्या बाईंनी साधं विचारलं, काल काय केलंत? धम्मशीला मनात पहिल्या रूपापासून मोजत निघाली, आणि हवं ते रूप हाताला लागेपर्यंत बाई पुढच्या प्रश्नावर गेलेल्या. नापास. आता दुसरी संधी, आणि तीच शेवटची. यातही गेली तर बाकीच्या मुली जातील आणि ती ‘ए सिस्टर’ ऐकत इथेच राहील. हॉस्पिटल पुन्हा कधी माणसं घेईल याचा नेम नव्हता.

मॅडमनी एक नियम पुन्हा पुन्हा बजावला होता. परीक्षा घरून देता येते, पण खोलीत दुसरं माणूस नको. दुसरा आवाज ऐकू आला, की परीक्षा तिथल्या तिथे रद्द. कुठल्या तरी पोरीची बहीण म्हणे पलंगाखाली पडून उत्तरं सांगत होती. तेव्हापासून तिकडची माणसं फार कडक झाली.

परीक्षा दुपारी होती. सांची शाळेत. जनकाबाईंना धम्मशीलाने चांगुणाबाईंकडे बसवून दिलं आणि दोघींनाही हात जोडून सांगितलं, की मी हाक मारेपर्यंत इकडे फिरकू नका. चांगुणाबाईंनी मिक्सरसुद्धा लावणार नाही असा शब्द दिला. पुढचं दार लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला. तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला. ब्लाउज घामाने पाठीला चिकटला होता. हाताला कंप सुटला तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. दुसऱ्यांच्या दंडात सुया खुपसताना हा हात कधी हलला नव्हता.

पडद्यावर बाई आल्या. पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. नाव सिन्योरा, म्हणजे बाई, बेर्तोल्दी. चेहऱ्यावर रागही नाही, मायाही नाही. त्यांनी सगळे नियम वाचून दाखवले, दुसऱ्या आवाजाचाही, आणि विचारलं, “तुम्ही एकट्या आहात?”

“हो,” धम्मशीला म्हणाली.

तिच्या मते ते खरं होतं. पण नेमका त्याच वेळी नळ आला. आठवडा वाट पाहून आलेला नळ कुणासाठी थांबत नाही. त्यापुढे लग्न थांबतं, भांडण थांबतं. जनकाबाई चांगुणाबाईंकडून उठल्या, मागच्या दाराने पाय न वाजवता आत आल्या आणि न्हाणीत ड्रमशी बसल्या. पाणी पडण्याचा आवाज होऊ नये म्हणून पाइप ड्रमच्या तळापर्यंत बुडवून हाताने घट्ट धरला. सुनेला अडचण नको आणि पाणीही जायला नको, दोन्ही साधायचं होतं त्यांना.

इकडे सुरुवात बरी झाली. नाव, गाव, काम. सलाइन कसं लावता? पेशंट घाबरला तर काय करता? धम्मशीलाला घाम फुटलेला, पण शब्द येत होते. अडखळत का होईना, येत होते. सिन्योरा काहीतरी लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, “इथे आलात, तर पहिल्या दिवशी काय काय कराल?”

भविष्यकाळ! धम्मशीलाने खोल श्वास घेतला आणि मोठ्याने सुरुवात केली, “आंद्रो...” मी जाईन. कुठे जाईन? हॉस्पिटलला जाईन, नाव नोंदवीन, आधी घरी फोन करीन... काय काय डोक्यात एकदम आलं आणि दारातच अडकलं. ती गप्प झाली.

“आंद्रो,” मागून आवाज आला.

धम्मशीलाने आवाज ओळखला. ती हलली नाही. सिन्योरांचं पेन थांबलं. पुढची ओळ कुणीच म्हणत नाही म्हटल्यावर, आयुष्यभर विहारात केलं तसं, मागच्या आवाजाने ओळ उचलली. “आंद्राय,” जनकाबाई म्हणाल्या. “आंद्रा. आंद्रेमो.”

“कोण आहे तिथे?” सिन्योरांनी विचारलं.

“माझ्या सासूबाई.”

“तुम्ही एकट्या आहात म्हणालात.”

“मला वाटलं होतं, एकटी आहे.”

“त्या तुम्हाला उत्तरं सांगतायत?”

“नाही.”

“मी माझ्या कानांनी ऐकलं. मोबाइल उचला आणि मला दाखवा.”

धम्मशीला उठली. मोबाइल पुढे धरून ती न्हाणीच्या दारात गेली, आणि त्या तेवढ्या चार पावलांत तिला कधीपासूनचं सगळं उलगडल्यासारखं वाटलं. ही बाई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, कधी काही विचारलं नाही. आणि आज, बरोबर आजच, घरात आली. ठरवून आली. राग असा उसळला की समोर पडद्यावर कोण आहे याचं भानच राहिलं नाही.

“केलं ना तुमी शेवटी, आत्याबाई!” ती ओरडली. “सांगतलं होतं ना मी? हात जोडून सांगतलं होतं! मी जाऊ नाई असंच होतं ना तुमच्या मनात? मंग तोंडानं काऊन नाई बोलल्या? दोन वर्षं काऊन म्हनू देलं मले?”

जनकाबाई ड्रमशी बसल्या होत्या. ड्रम भरून पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. उठलं तर आवाज होईल म्हणून त्या तशाच बसून राहिल्या होत्या. आपल्याकडून काय झालं हे त्यांना आत्ता, सुनेच्या तोंडाकडे पाहून कळलं. त्यांनी हात तोंडावर नेला.

“माय व,” त्या म्हणाल्या. “तोंडातून निंगून गेलं.”

सिन्योरांना भाषा समजली नाही, पण ओरडण्याला कुठल्याही देशात दुभाषी लागत नाही. त्यांनी कॉल बंद केला नाही. थेट जनकाबाईंनाच विचारलं, तुम्हाला इटालियन बोलता येतं का? त्यांच्या भाषेत ‘बोलता’ म्हणजे ‘पार्ला’. जनकाबाईंनी तो शब्द ओळखला. एवढ्या भांबावलेल्या, तरी मोबाइलला एका हाताने जय भीम केला आणि विचारलंय तर सांगावं म्हणून सांगितलं, “पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो...”

सिन्योरा हसल्या नाहीत. धम्मशीलाला म्हणाल्या, “त्यांना विचारा, आपण काय म्हणतो ते त्यांना समजतं का. आणि जे उत्तर देतील ते मला जसंच्या तसं सांगा. एक शब्द गाळू नका.”

धम्मशीलाने विचारलं. आवाज अजून कडकच होता. “आत्याबाई, हे आंद्रो-आंद्राय म्हनता तुमी, त्याचा अर्थ समजते का तुमाले?”

तिला वाटलं, नाही म्हणतील. म्हणाल्या असत्या, तर सगळं सोपं झालं असतं.

“समजते तं,” जनकाबाई म्हणाल्या. “पयल्या पयल्यानं तू सांचीले सांगत होती, आंद्रो म्हंजे मी जाईन. मले काय आयकू येत नाई? वादो म्हंजे जातो, आंद्रो म्हंजे जाईन. समदं जायाचंच हाय ते.” त्यांनी पाइप सोडला. पाणी फरशीवर पसरलं, आणि आता त्याचं कुणालाच काही नव्हतं. “त्याच्यातलं ‘मी जाईन’ तेवढं माह्यं नोहे. बाकीचे समदे खरे हायेत. तू जाशीन. सांची जाईन. प्रसेनजित जाईन. तुमी समदे जासान. रोज सकाळी तोंडानं म्हनलं, तं मनालेबी सवय होईन, म्हनून म्हनत राह्यते मी.”

धम्मशीलाचा मोबाइल हळूच खाली आला.

“अन तू जाऊ नाई असं वाटते का मले? वाटते. खोटं काऊन बोलू?” जनकाबाई म्हणाल्या. “पन तू नापास व्हावं असं कवाच नाई वाटलं, पोरी. माह्या लेकराची आन हाय.”

“काय म्हणतात त्या?” सिन्योरांनी विचारलं.

आणि धम्मशीला सांगू लागली. मोबाइल पुन्हा वर धरला होता, नाक वाहत होतं, ओल्या फरशीवर ती उभी होती. माझी सासू म्हणते, की तिला अर्थ समजतो. ती म्हणते, आम्ही सगळे जाऊ आणि ती राहील. मी गेल्यावर तिला कमी दुखावं म्हणून ती रोज सकाळी ते म्हणत आली. मी जाऊ नये असं तिला वाटतं, पण मी नापास व्हावं असं तिला कधीच वाटलं नाही. आणि मी आत्ता तिच्यावर ओरडले, कारण मला वाटलं तिने मुद्दाम केलं. मला हे आधी कळलं असतं, तर मी ओरडले नसते. मी तिला कधीच विचारलं नाही. मीच विचारलं नाही. कुठलं रूप कोणत्या काळातलं, कोणत्या अर्थातलं, याचा हिशेब ठेवायला तिला सवडच नव्हती. एकेक वाक्य संपलं की दुसरं येत होतं, रडू आवरून ती ते पुढे ढकलत होती, बस.

सगळं सांगून झालं तेव्हा सिन्योरांनी चष्मा काढला होता.

“दुसरा आवाज आला म्हणजे परीक्षा रद्द, असा नियम आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला तसं लिहावंच लागेल. सगळं रेकॉर्डिंग सोबत पाठवीन. ठरवणारे दुसरे आहेत.” आणि मग, नियमात बसत नसावं असं काहीतरी: “आईंना कोरडं लुगडं द्या.”

कॉल संपला.

पुढचे दिवस त्या घरात कुणी क्रियापद म्हटलं नाही. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा यायचा. चांगुणाबाईंनासुद्धा चुकल्यासारखं वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या हिशेबाने हे फार मोठं मौन होतं. धम्मशीलाने माफी मागितली. जनकाबाई म्हणाल्या, “जाऊ दे व,” आणि तिच्या ताटात भाजी वाढली. रविवारी प्रसेनजित आला, त्याने दोघींच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्याला एकदाचं काहीतरी समजलं, कारण तो दिवसभर गप्प होता. मंजुश्री मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, फार आशा ठेवू नका. पहिल्यांदाच त्या हसल्या नाहीत. धम्मशीला ड्युटीवर जायची, शिरा शोधायची, आणि मोबाइल वाजला की हात पुसून पाहायची. कुणी ‘ए सिस्टर’ म्हटलं की मनात यायचं, हेच ऐकायचंय आता जन्मभर.

मेसेज आला तो भर दुपारी, एका बाईच्या हाताला ती पट्टी चिकटवत असताना. तिने आधी पट्टी नीट चिकटवली, मग व्हरांड्यात जाऊन वाचलं. उत्तीर्ण. परीक्षेत आलेल्या आवाजाची चौकशी झाली, मदत घेतल्याचं दिसलं नाही. शेवटचं संभाषण तोंडी परीक्षेत धरलं आहे. पुढे कागदपत्रांचं आणि तिकिटाचं. दिवाळीच्या आधी निघायचं.

ती रजा न सांगताच घरी आली. सांची अंगणात कुणाच्या तरी पिल्लामागे पळत होती. जनकाबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. धम्मशीला त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिला सांगायला शब्द सापडेना, ना इकडचा ना तिकडचा. तिचं तोंड पाहूनच त्यांना कळलं.

“झाली का पास?”

“हाव.”

“कवा जाणं हाय?”

“दिवाळीच्या आधी.”

जनकाबाईंनी मान हलवली. दोन-तीन शेंगा फोडल्या, दाणे सुपात टाकले. “मंग आजपासून सांचीले माह्याजवळ निजू दे,” त्या म्हणाल्या.

“आत्याबाई, आतापासून काऊन? अजून लय दिवस हायेत. अन राह्यते ती तुमच्याजवळ. तिले काय सवय लावाची हाय?”

“तिले नाई व,” जनकाबाई म्हणाल्या. “तुले.”